घट्ट, ठोसेदार बेससाठी घरी बांधायचा पोर्टेड सबवूफर

माझी पहिली सबवूफरची, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरची, पेटी 60 लिटरची होती. पुढच्या फळीत 110 मिलिमीटरचा पाइप, तोही जेमतेम 10 सेंटीमीटर आत गेलेला. ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसवायचा सुटा स्पीकर, निवडला होता मॅग्नेटचा आकार बघून, कारण त्याच्या मापांचा तक्ता मागायचा असतो हेच माहीत नव्हतं. पेटी पहिल्यांदा वाजवली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या आणि दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी पखवाजाचं एक रेकॉर्डिंग लावलं. कणीक लावलेल्या डाव्या पुडीवरची थाप कधी संपली आणि पुढची कधी पडली, काही कळेना. सगळ्या थापांचा मिळून एकच 'भों' ऐकू येत होता.

पुढे गणित शिकल्यावर कळलं की त्या पेटीचा पोर्ट, म्हणजे तो पाइप, 49 हर्ट्झला लागला होता. माझ्या खोलीची लांबी 12 फूट, आणि तेवढ्या लांबीची खोली 47 हर्ट्झच्या आसपास घुमते. पेटी आणि खोली दोघी एकाच सुरात ओरडत होत्या.

मला या लेखात हेच सांगायचं आहे. बेस घट्ट येतो तो पोर्ट कुठल्या सुराला लावलाय, पेटी किती लिटरची आहे आणि ती खोलीत कुठे ठेवलीय या तीन गोष्टींवर. महागडा ड्रायव्हर त्यानंतरचा.

पोर्ट नेमकं काय करतो

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर येतो. बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. ते वजन त्या स्प्रिंगवर एका विशिष्ट वेगाने वरखाली होतं. स्पीकरच्या पेटीतही हेच घडतं, फक्त फुंकर मारायचं काम ड्रायव्हर करतो. पोर्टचा सूर जवळ आला की पाइपातली हवा जोरात हलू लागते, आवाजाचा बहुतेक भार ती उचलते आणि ड्रायव्हरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून पाइप नसलेल्या बंद पेटीपेक्षा पोर्टेड पेटी त्याच ड्रायव्हरकडून खालचे सूर जास्त मोठ्याने काढून घेते. कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या ॲल्बर्ट थुरास यांनी 1930 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

याची किंमतही मोजावी लागते. पोर्टच्या सुराच्या खाली गेलं की कोनाला मागून आधारच उरत नाही आणि तो मोकाट हलू लागतो. शिवाय त्या सुराच्या आसपास आवाज उशिरा सुरू होतो आणि उशिरा थांबतो. 'पोर्टेड म्हणजे घुमणारा, बंद पेटी म्हणजे घट्ट' असं जे म्हणतात ते या दुसऱ्या दोषामुळे. पण हा उशीर काही सगळ्या बेसमध्ये पसरलेला नसतो, तो पोर्टच्या सुराजवळ गोळा झालेला असतो. पोर्ट 50 हर्ट्झला लावला तर हा गोळा बरोबर किक ड्रम आणि बेस गिटारवर बसतो. तोच 33 हर्ट्झला लावला तर बहुतेक संगीत त्याच्या वर राहतं. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार 41 हर्ट्झची असते. म्हणून संगीतासाठी पेटी बांधताना माझा पहिला नियम असा की पोर्ट 35 हर्ट्झच्या वर लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. छातीवर जो ठोसा जाणवतो तो मुख्यतः 60 ते 120 हर्ट्झमध्ये असतो, आणि त्याची धार त्याहून कितीतरी वर असते. काठीचा किंवा बोटाचा 'टक्' हा तर हजारो हर्ट्झमधला आवाज. त्यामुळे सबवूफर कितीही चांगला बांधला तरी मुख्य स्पीकरशी त्याचं जुळलं नाही तर ठोसा यायचा नाही. त्याकडे शेवटी येऊ.

पायरी 1: ड्रायव्हर निवडताना कागद बघा

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्टेड पेटीचं गणित पक्कं बसवलं. ड्रायव्हरच्या ज्या आकड्यांवर हे गणित चालतं त्यांना आज थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. तुम्हाला त्यातले पाच हवेत.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत ड्रायव्हरचा स्वतःचा सूर. क्यूटीएस म्हणजे त्याची हालचाल किती लवकर आवरली जाते त्याचं माप; आकडा जितका लहान, तितका मोटरचा, म्हणजे मॅग्नेट आणि कोन हलवणाऱ्या तारेच्या कॉइलचा, लगाम घट्ट. व्हीएएस म्हणजे जितक्या लिटर हवेचा ताण कोनाच्या लवचीकपणाइतका असतो ते लिटर. एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटरपर्यंत नीट सरकू शकतो ते. आणि एसडी म्हणजे कोनाचं क्षेत्रफळ.

घट्ट बेस हवा असेल तर क्यूटीएस 0.30 ते 0.40 च्या मध्ये, एफएस 25 ते 35 हर्ट्झ आणि एक्समॅक्स किमान 6 मिलिमीटर असलेला ड्रायव्हर शोधा. क्यूटीएस 0.5 च्या वर असेल तर तो पोर्टेड पेटीत घालू नका. अशा ड्रायव्हरला बंद पेटी मानवते. तक्त्यात क्यूईएस (क्यूटीएससारखंच माप, पण फक्त मोटरच्या लगामाचं) दिलेला असेल तर एफएसला त्याने भागा. उत्तर 50 च्या खाली आलं तर बंद पेटी, 100 च्या वर आलं तर पोर्टेड, मधलं आलं तर दोन्ही चालतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात की काउंटरवर आधी वॅट सांगतात, मग मॅग्नेटचं वजन. या दोन्हींवरून पेटी आखता येत नाही. मॉडेल नंबर विचारा, तिथेच उभं राहून फोनवर कंपनीच्या साइटवर तक्ता मिळतो का बघा, आणि नसेल तर तो ड्रायव्हर राहू द्या. स्वतः मोजायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण पहिल्याच पेटीला तो उपद्व्याप नको. गाडीसाठी बनवलेले सबवूफर बाजारात सहज मिळतात आणि त्यातले बरेच घरातही चांगले वाजतात. फक्त त्यांना अनेकदा दोन कॉइल असतात. 4 ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या तर 8 ओहम होतात, पॅरलल जोडल्या तर 2. तुमचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) 2 ओहम पेलत नसेल तर पॅरलल जोडू नका.

या लेखातली सगळी आकडेमोड मी एका 10 इंची ड्रायव्हरवर करून दाखवतो: एफएस 30 हर्ट्झ, क्यूटीएस 0.34, क्यूईएस 0.37, व्हीएएस 55 लिटर, एसडी 330 चौरस सेंटीमीटर, एक्समॅक्स 7 मिलिमीटर. 30 ला 0.37 ने भागलं की 81 येतं, म्हणजे कल पोर्टेडकडे.

पायरी 2: किती लिटर, कुठला सूर

विनआयएसडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे सगळं आलेखासह दाखवतं आणि ते जरूर वापरा. पण एकदा हाताने करून बघितलं की आकड्यांशी ओळख होते. अमेरिकन अभियंता डॉन कील यांची सोपी सूत्रं त्यासाठी पुरतात:

पेटीचे लिटर = 15 × (क्यूटीएसचा 2.87 वा घात) × व्हीएएस
पोर्टचा सूर = 0.42 × एफएस ÷ (क्यूटीएसचा 0.9 वा घात)
जिथे आवाज 3 डेसिबलने घसरतो तो बिंदू = 0.26 × एफएस ÷ (क्यूटीएसचा 1.4 वा घात)

फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की घात काढायचं बटण दिसतं. आपल्या ड्रायव्हरसाठी उत्तरं येतात 37 लिटर, 33 हर्ट्झ आणि 35 हर्ट्झ.

इथे नवख्या माणसाचा हात शिवशिवतो. 37 ऐवजी 50 लिटर केली तर अजून खाली जाईल ना? जाईल, पण पोर्टच्या सुरावर एक उंचवटा तयार होईल आणि कोनावरची हवेची पकड सैल पडेल. जो 'भों' टाळायचा आहे तोच परत येईल. शंका असेल तर पेटी दोन-तीन लिटर लहान ठेवा आणि पोर्ट एक-दोन हर्ट्झ खाली लावा. खालचा आवाज त्यामुळे हळूहळू उतरता होतो, आणि बंद खोली स्वतःच खालच्या सुरांना उचल देत असल्याने ती उतरण बरीचशी भरून निघते. आपल्याकडच्या फ्लॅटच्या विटा-काँक्रीटच्या भिंती लाकडी घरांसारख्या बेस बाहेर सोडत नाहीत. म्हणून परदेशी आराखडा इथे जसाच्या तसा बांधला की बेस अपेक्षेपेक्षा जड वाटतो.

पायरी 3: पाइप

पाइपची लांबी काढायचं सूत्र असं आहे. व्यास सेंटीमीटरमध्ये, पेटी लिटरमध्ये, एक पाइप धरून:

लांबी = 23562.5 × व्यासाचा वर्ग ÷ (सुराचा वर्ग × लिटर) − 0.732 × व्यास

व्यास आतला घ्यायचा. प्लंबिंगच्या दुकानात 75, 90, 110 हे जे आकडे सांगतात ते बाहेरच्या व्यासाचे मिलिमीटर असतात, आणि पाइप जाड की पातळ यावर आतला व्यास बदलतो. व्हर्नियर नसेल तर पट्टीने मोजा, पण मोजा.

आता तिन्ही पाइप तपासू. 75 चा, आत साधारण 7.1 सेंटीमीटर. लांबी लहान येते, पेटीत मजेत बसतो, पण तोंड अरुंद आहे. 33 हर्ट्झचा सूर एक मीटरवर 100 डेसिबलने वाजवला तर त्यातून हवा सेकंदाला 18 मीटरच्या वेगाने जाते. वेग साधारण 17 मीटरच्या वर गेला की पाइप फुसफुसू लागतो. 110 चा, आत 10.4. हवा निवांत चालते, पण लांबी येते 55 सेंटीमीटर, आणि आपल्या पेटीत तो मावत नाही. 90 चा, आत 8.5. त्याच आवाजाला वेग 12 ते 13 मीटर आणि लांबी 36 सेंटीमीटर. हाच घ्यायचा.

मात्र कापताना 39 सेंटीमीटर ठेवा. लांब पाइप नंतर कापता येतो, आखूड पाइप वाढवणं कटकटीचं. 39 ला पेटी 32 हर्ट्झच्या आसपास लागेल, 36 ला 33, आणि 30 पर्यंत कापला तर साडेपस्तीस. यावरून दिसेल की एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरने आभाळ कोसळत नाही.

पाइपाचं तोंड सरळ कापलेलं धारदार ठेवू नका. हवेचा भोवरा त्या धारेवरच तयार होतो. बाजारात तयार फनेल मिळाले तर उत्तम. नाहीतर माझी पद्धत अशी आहे. मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा अंगणात, हीट गनने पाइपाचं शेवटचं तीनेक सेंटीमीटर फिरवत फिरवत गरम करायचं. एका जागी थांबलं की पीव्हीसी तपकिरी पडतं आणि त्याचा धूर घशाला झोंबतो, म्हणून हात चालता ठेवायचा. पाइप ओल्या चामड्यासारखा लवायला लागला की तो स्टीलच्या गोल बुडाच्या पातेल्यावर उभा दाबायचा. कडा आपसूक बाहेर फाकते आणि अर्ध्या मिनिटात थंड होऊन तशीच राहते. फाकलेल्या टोकामुळे गणिताची लांबी किंचित सरकते, पण शेवटी आपण मोजूनच कापणार आहोत. फाकवायचं ते खालच्या फळीतून बाहेर उघडणारं टोक. आतलं टोक कापून झाल्यावर काचकागदाने गोलसर करून घ्या.

पायरी 4: मापं

37 लिटर ही आतली निव्वळ हवा आहे. ड्रायव्हरची मागची बाजू साधारण 2 लिटर जागा खाते, पाइप 2.2 लिटर, आतला आधार आणि कोपऱ्यातल्या पट्ट्या 1.3 लिटर. म्हणजे रिकामी पेटी 42.5 लिटरची हवी. मी आतली मापं अशी धरली आहेत: रुंदी 30, खोली 31, उंची 46 सेंटीमीटर. गुणाकार 42.8 लिटर.

ड्रायव्हर पुढच्या फळीवर वरच्या बाजूला येतो. पाइप तळाच्या फळीतून, मागच्या भिंतीजवळ उभा वर जातो. पुढच्या फळीवर दोन्ही बसवायचा प्रयत्न केला तर पाइप मागच्या भिंतीला टेकतो. पाइपाच्या आतल्या टोकासमोर किमान त्याच्या व्यासाइतकी मोकळी जागा हवी. उभ्या मांडणीत ती सहज मिळते आणि पाइप मॅग्नेटलाही अडत नाही. पाइप तळातून खाली उघडत असल्याने पेटीला 10 सेंटीमीटर उंचीचे पाय लागतील.

18 मिलिमीटर प्लायमधून कापायचे तुकडे, सेंटीमीटरमध्ये: पुढची आणि मागची फळी 33.6 × 49.6, बाजूच्या दोन फळ्या 31 × 49.6, वर-खाली 30 × 31 च्या दोन, आणि आतला आधार 30 × 31 चा एक. पुढच्या फळीवर बाहेरून आणखी एक तशीच फळी चिकटवली तर ड्रायव्हरला पक्की बैठक मिळते. एकूण 11 ते 12 चौरस फूट प्लाय लागतं. तुकडे दुकानातच मोठ्या करवतीवर कापून घ्या. कोपरे काटकोनात आले नाहीत तर पुढचं सगळं काम फटी बुजवण्यात जातं.

एमडीएफ आवाजाला छान आहे आणि परदेशी आराखड्यांत तेच सांगितलेलं असतं. पण कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि फुगलेली कड परत बसत नाही. मी मरीन प्लाय घेतो, ज्यावर आयएस 710 चा शिक्का असतो. आतून पोकळ निघणारं स्वस्त प्लाय मात्र नको. त्या पोकळ्या खरखरतात.

पायरी 5: बांधणी

आधी आतला आधार तयार करा. 30 × 31 च्या फळीला चार-पाच मोठ्या खिडक्या पाडायच्या, म्हणजे हवा अडणार नाही, आणि मागच्या बाजूला पाइप जाईल असं 90 मिलिमीटरचं गोल भोक. ही फळी तळापासून 17 सेंटीमीटरवर आडवी बसते. चारही भिंतींना धरून ठेवते आणि पाइपालाही. ती बरोबर मध्यावर नाही हे चांगलंच आहे, कारण भिंतीचे दोन सारखे भाग झाले तर ते एकाच सुरात थरथरतात.

मग तळ, बाजू आणि मागची फळी फेव्हिकॉल लावून, आधी बारीक ड्रिलने भोकं पाडून, दर 10-12 सेंटीमीटरवर स्क्रू मारत जोडा. गोंद सांध्यातून थोडा बाहेर आला पाहिजे. तो आला नाही तर तिथे कोरडं राहिलं असं समजा. ओल्या फडक्याने पुसून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी आतून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनची रेघ ओढा. सिलिकॉन पूर्ण सुकल्याशिवाय ड्रायव्हर बसवू नका. त्याची वाफ कोनाच्या रबरासाठी चांगली नाही.

ड्रायव्हरचं भोक कंपनीने दिलेल्या कट-आउटच्या मापाने पाडा, बाहेरच्या कड्याच्या मापाने नाही. जिगसॉ नसेल तर सुताराकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हर बसवायला टी-नट (फळीत मागून ठोकायचे दातेरी नट) आणि बोल्ट वापरा. लाकडी स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की भोक सैल होतं, आणि पहिल्या पेटीत ड्रायव्हर दोन-तीनदा काढावाच लागतो. कड्याखाली फोमची पट्टी लावा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

आत कापूस ठासून भरायचा नाही. ती बंद पेटीची रीत. पोर्टेड पेटीत त्याने पोर्टचा जोर मरतो. शिवाय आपली पेटी 46 सेंटीमीटर उंच आहे, म्हणजे आतल्या आत उभ्या राहणाऱ्या लहरी 370 हर्ट्झच्या वर सुरू होतात, आणि आपण तर 80 च्या वरचं काही वाजवणारच नाही. मागे आणि एका बाजूला इंचभर फोम किंवा नमदा चिकटवला की पुरे. पाइपाच्या तोंडाजवळ काही ठेवू नका.

पाइपाच्या बाहेरच्या तोंडावर मोठ्या भोकांची तारेची जाळी नक्की लावा. मी एकदा लावली नव्हती. गावाकडून पंधरा दिवसांनी परत आलो तेव्हा पेटीचा सूरच बदललेला. ड्रायव्हर काढला तर आत फोम कुरतडून उंदराने घर केलेलं, आणि कॉइलला जाणारी वायर दोन ठिकाणी सोललेली.

पायरी 6: सूर तपासा, मग पाइप चिकटवा

पाइप अजून चिकटवलेला नाही, फक्त भोकात घट्ट बसवलाय आणि इन्सुलेशन टेपने हवा बंद केलीय. पेटी पायांवर, ती जिथे राहणार त्या फरशीवर उभी करा, कारण जमीन जवळ असली की सूर किंचित खाली सरकतो. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत ॲप घ्या, ॲम्पला जोडा, आवाज बेताचा ठेवा.

50 हर्ट्झपासून सुरू करा आणि एकेक हर्ट्झने खाली या. बोटाचं टोक कोनाच्या मधल्या टोपीला हलकेच टेकवा. 45, 42, 40, कोन बोटाखाली गुदगुल्या करत असतो. 36 च्या आसपास ती गुदगुली ओसरू लागते. एका आकड्यावर कोन जवळजवळ थिजतो, आणि त्याच वेळी दुसरा हात पेटीखाली नेला तर पाइपातून येणारा वारा तळहातावर जोरात लागतो. हाच तुमच्या पेटीचा सूर. आणखी खाली गेलात की कोन एकदम मोठमोठ्याने हेलकावे खाऊ लागतो; तिथे थांबू नका, लगेच वर या.

अचूक आकडा हवा असेल तर ॲम्प आणि ड्रायव्हरच्या मध्ये 100 ओहमचा 5 वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला, ॲम्पचं आउटपुट 5 ते 8 व्होल्ट ठेवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून ड्रायव्हरच्या दोन टोकांवर धरा. सूर बदलत गेलं की व्होल्टेज दोनदा वर चढतं. त्या दोन शिखरांच्या मधली दरी म्हणजे पोर्टचा सूर. लहान व्होल्टेज दाखवणारी 2 व्होल्टची एसी रेंज मीटरला असेल तर काम सोपं होतं.

आकडा 32-33 च्या आसपास आला तर पाइप जसा आहे तसा चिकटवा. खाली आला असेल तर पाइप काढून आतल्या बाजूने एकेक सेंटीमीटर कापा आणि पुन्हा मोजा.

याच वेळी गळतीही तपासून घ्या. 36-37 हर्ट्झचा सूर चालू ठेवून पेटलेली अगरबत्ती सगळ्या सांध्यांवरून आणि ड्रायव्हरच्या कड्यावरून सावकाश फिरवा. जिथे धुराची रेघ एकदम विस्कटते तिथे फट आहे. स्पीकरच्या टर्मिनलच्या डबीजवळ हमखास सापडते.

पायरी 7: ॲम्प आणि फिल्टर

घरच्या खोलीला 100 खरे वॅट भरपूर होतात. ड्रायव्हरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर येणारा आवाज, 86 डेसिबल असली तरी 100 वॅटला एका मीटरवर 106 डेसिबल होतात, आणि तेवढं कोणी रोज ऐकत नाही. टीपीए 3116 या चिपच्या छोट्या बोर्डावर 'शंभर वॅट' छापलेलं असतं, पण ते कमी ओहमवर आणि पूर्ण व्होल्टेजवर; 4 ओहमला निम्मं धरून चाला. टीपीए 3255 चा बोर्ड आणि चांगली एसएमपीएस (बोर्डाला डीसी वीज पुरवणारी पेटी) असेल तर ताकदीची चिंता उरत नाही. एसएमपीएसला अर्थिंगची तीन पिन लावा आणि डीसी लाइनमध्ये फ्यूज घाला.

आता फिल्टर. वरून 80 हर्ट्झला, प्रति सप्तक 24 डेसिबलच्या उताराने कापा. बऱ्याच तयार बोर्डांवर लो-पासचं बटण 150 किंवा 200 पर्यंत फिरतं आणि दुकानात ते वर ठेवूनच वाजवून दाखवतात. त्यामुळे माणसाचा आवाज सबवूफरमधून यायला लागतो आणि बेस चिखलासारखा होतो. बटण खाली आणा.

खालून कापणं मात्र पुष्कळ जण विसरतात. पोर्टच्या सुराखाली कोनाला आधार नसतो हे वर सांगितलं. त्यामुळे 25 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर हवाच, ज्याला बाजारात सबसोनिक म्हणतात. तो नसेल तर चित्रपटातला एखादा खोल धमाका ऐकू तर येत नाही, पण कॉइल मॅग्नेटवर आपटून ड्रायव्हर जातो. एडीएयू 1701 सारखा डीएसपी बोर्ड घेतला तर दोन्ही फिल्टर आणि पुढे लागणारा इक्वलायझर एकाच ठिकाणी मिळतो. थोडं शिकावं लागतं, पण त्याचा खर्च पुरेपूर वसूल होतो.

पायरी 8: खोलीत जागा शोधा

इथपर्यंत सगळं नेमकं केलं आणि पेटी टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ढकलली तर माझ्या पहिल्या पेटीसारखंच होईल. खोलीची एक बाजू मीटरमध्ये मोजा आणि 172 ला तिने भागा. त्या सुराला खोली घुमते. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, उत्तर 47 हर्ट्झ. 10 फुटांना 56. कोपऱ्यात ठेवलेली पेटी हे सगळे सूर एकाच वेळी उठवते. आवाज मोठा येतो, पण प्रत्येक ठोक्याला शेपूट लागतं.

जागा शोधायची जुनी, हमखास रीत अशी. पेटी उचलून तुम्ही जिथे बसून ऐकता त्या सोफ्यावर किंवा खुर्चीवर ठेवा. बेस गिटारचे सूर पायरीपायरीने वरखाली जातात असं एखादं रेकॉर्डिंग लावा. मग जमिनीवर गुडघ्यांवर, कान पेटीच्या उंचीला आणून भिंतीभिंतीने फिरा. काही ठिकाणी दोन सूर ढुम्म करतात आणि तिसरा गायब होतो. एक-दोन ठिकाणं अशी सापडतात जिथे सगळे सूर सारखेच ऐकू येतात. तिथे पेटी ठेवा. माझ्या खोलीत ती जागा लांब भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर निघाली, कपाट आणि खिडकीच्या मध्ये, जिथे मी स्वतःहून कधीच ठेवली नसती.

मग मुख्य स्पीकरशी जुळवणी. 80 हर्ट्झचा सूर दोन्हीकडून एकत्र वाजवा आणि आपल्या जागेवर बसून ऐका. दुसऱ्या कोणाला सबवूफरच्या प्लस-मायनस तारा उलट जोडायला सांगा. ज्या जोडणीत आवाज मोठा येतो ती बरोबर. फेजचं बटण असेल तर त्याच कानाने ते फिरवून सर्वांत मोठा आवाज जिथे येतो तिथे थांबा. ठोसा इथेच जन्माला येतो. 80 ला दोघं एकमेकांना खात असतील तर पेटी कितीही चांगली असो, ढोलाचा मार फुसका लागतो.

एवढं करूनही एखादा सूर उठून दिसत असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक साधा मापनाचा माइक घेऊन खोलीचा आलेख काढा आणि उठलेलं शिखर इक्वलायझरने तेवढ्यापुरतं कापा. खड्डा भरायला मात्र जाऊ नका. खोलीने खाल्लेला सूर दुप्पट ताकद ओतली तरी ती खातेच, आणि ॲम्प विनाकारण दमतो.

शेवटी आवाज. सबवूफर मुख्य स्पीकरपेक्षा थोडा मोठा ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. तो बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे, पण चालू असताना तो कुठे आहे ते कळता कामा नये, एवढाच ठेवा. मी तबल्याचं रेकॉर्डिंग लावून तपासतो. डग्ग्यावर मनगट सरकवून घेतलेली मींड खालून वर जाताना प्रत्येक टप्प्यावर सारख्याच जोराची यायला हवी. मध्येच एखादा टप्पा फुगला तर पेटी अजून वीतभर सरकवायची आहे. आणि दोन थापांमधली शांतता ऐकू यायला हवी. पहिल्या पेटीत तीच हरवली होती.

पाऊस सुरू झाला की पहिल्या महिन्यात एकदा ड्रायव्हरचे बोल्ट आवळून घ्या. प्लाय दमट हवेत थोडं हलतं, फोमची पट्टी दबते, आणि जून-जुलैमध्ये अचानक सुरू झालेली खरखर बहुतेक वेळा तिथूनच येत असते.